घोडा गेला, नाव राहिलं

मुंबईत पहिल्यांदा काळा घोडा या भागात गेलो तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बरोबर मामा होता. मी घोडा शोधत होतो. मामानं मोटारी लावलेल्या एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हा काळा घोडा." घोडा कुठेच नव्हता. "मग घोडा कुठाय?" तर म्हणे राणीच्या बागेत. त्या वयात राणीची बाग म्हणजे वाघ, सिंह आणि पाणघोडा. त्यामुळे तो घोडाही पिंजऱ्यात ठेवला असेल, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

पुढे मुंबईची संग्रहालयं, जुन्या इमारती आणि कलावंतांच्या वस्त्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन फिरायची सवय लागली. तेव्हा लक्षात आलं की ही एका घोड्याची गोष्ट नाही. या शहरात वस्तू एकीकडे असते आणि तिचं नाव दुसरीकडे. फोर्टमध्ये किल्ला नाही. चर्चगेट स्टेशनापाशी ना चर्च ना गेट. एलिफंटाचा हत्ती एलिफंटावर नाही. फिनिक्स मिल्समध्ये कापड मिळेल, पण विणलं जात नाही. म्हणून मी पाहुण्यांना आधी गेटवेला नेत नाही. भायखळ्याला उतरवतो.

भायखळा स्टेशन पूर्वेला सोडलं की दहा मिनिटांत राणीची बाग. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली सुरू झालेली ही बाग मुळात वनस्पतींसाठी होती. प्राणी नंतर आले आणि हल्ली तर पेंग्विनही. गर्दी सरळ पेंग्विनकडे जाते. आपण डावं-उजवं न पाहता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरायचं. बुधवारी मात्र जाऊ नये, त्या दिवशी संग्रहालयही बंद आणि बागही.

हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय, आणि त्याची सुरुवातच हकालपट्टीनं झाली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा केल्या होत्या. त्यांचे जोडीचे नमुने फोर्टमधल्या टाउन बॅरॅक्समध्ये मांडून एक छोटं संग्रहालय उभं राहिलं. १८५७ च्या उठावाच्या काळात सरकारला फौजेसाठी बॅरॅक्स हवे झाले आणि सगळ्या वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी जमवायला घेतली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ ला संग्रहालय उघडलं. मधे दहा वर्षं गेली. त्यामागे पैशाची ओढाताण होती, कारण १८६५ मध्ये मुंबईचा कापूसबाजार कोसळला होता. त्याकडे पुन्हा येऊ.

भाऊ दाजींबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण फलकावर नाव वाचून लोक पुढे सरकतात. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. गरिबांना फुकट औषध देणारा, महारोगावर उपचार शोधणारा, आणि उरलेल्या वेळात अजिंठ्याचे शिलालेख वाचणारा. मुंबईचे ते नगरपालही होते. संग्रहालयाचं नाव शंभर वर्षं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. १९७५ मध्ये ते भाऊ दाजींच्या नावानं झालं. इथं मात्र नाव आलं ते वस्तूच्या योग्य मालकाकडे आलं, असं मला वाटतं.

आत शिरल्यावर आधी छताकडे बघावं. सोनेरी नक्षी, लोखंडी खांब आणि पायाखाली मिंटनच्या रंगीत फरश्या. २००३ ते २००८ या काळात वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली ही इमारत दुरुस्त झाली आणि २००५ मध्येच या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मग वरच्या मजल्यावर जा आणि मातीच्या बाहुल्यांपुढे वेळ काढा. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतली माणसं तिथं वीतभर उंचीची होऊन उभी आहेत. कुणाची पगडी कशी, कुणाचं लुगडं कसं, कारागीर बसतो कसा, हत्यार धरतो कसं. ज्या साहेबांनी त्या करवून घेतल्या त्यांना लोकांची वर्गवारी करायची होती. आज आपण त्या पाहतो तेव्हा मात्र आपल्या पणज्याची पगडी शोधत असतो. निदान मी तरी शोधतो.

आता बाहेर, इमारतीच्या बाजूला. तिथं दगडी हत्ती आहे. पोर्तुगीज सोळाव्या शतकात घारापुरी बेटावर उतरले तेव्हा धक्क्यापाशी त्यांना हा दिसला, आणि त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. नाव बेटाला चिकटलं आणि जगभर गेलं. हत्तीचं नशीब मात्र खराब. १८१४ च्या सुमारास त्याची मान गळून पडली. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेननं दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे विलायतेऐवजी राणीच्या बागेत आले आणि पन्नास वर्षं तसेच राहिले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ गेलं की सांधे दिसतात. लहान मुलं त्याच्यापाशी फोटो काढतात आणि पेंग्विन बघायला पळतात.

याच आवारात मागे काही पुतळे आहेत. साम्राज्याची अडगळच म्हणा. लॉर्ड कॉर्नवॉलिस, वेलस्ली वगैरे मंडळी. कॉर्नवॉलिसचा पुतळा फोर्टात होता तेव्हा लोक त्याच्या पायाशी फुलं वाहत. सरकारला हा भक्तिभाव आवडला नसावा; देव झालेल्या पुतळ्याला हुकूम देता येत नाही. आणि इथंच राणी व्हिक्टोरिया बसली आहे. मॅथ्यू नोबल यांनी घडवलेली, पांढऱ्या संगमरवराची. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेल्या पैशातून १८७२ मध्ये फोर्टजवळच्या रस्त्यावर तिची स्थापना झाली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्रीत तिच्या तोंडाला डांबर फासलं गेलं आणि गळ्यात जोड्यांची माळ पडली. कोणी केलं ते सरकारला कळेना. पुढे पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या वधानंतर दामोदर चापेकरांनी आपल्या कबुलीत हे आपलंच काम असल्याचं लिहून ठेवलं. संगमरवरात मुरलेला डाग निघता निघेना. तो काढला रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी, आणि त्यांची कीर्ती देशभर झाली. एका डागामुळे एकाचं नाव क्रांतिकारकांच्या यादीत आणि दुसऱ्याचं भारतातल्या रसायन उद्योगाच्या इतिहासात. राणीच्या पुतळ्यापुढे उभं राहून ही गोष्ट पुण्याच्या पाहुण्यांना सांगितली की ते पुतळ्याकडे जरा आपुलकीनं बघतात.

घोडाही बागेतच आहे, पण पिंजऱ्यात नाही. त्याच्या पाठीवर सातवा एडवर्ड, तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स. तो १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आला होता, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोएमकडून हा कांस्याचा पुतळा करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो फोर्टाजवळच्या चौकात बसवला. लोकांनी राजपुत्राकडे दुर्लक्ष केलं आणि घोडा लक्षात ठेवला. १९६५ मध्ये पुतळा उचलून भायखळ्याला आणला. चौकाचं नाव मात्र कुणालाच उचलता आलं नाही.

भायखळ्याहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरा. भायखळ्याचं स्टेशनही नीट बघून घ्या. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली तेव्हापासूनचं हे ठिकाण, आणि अलीकडे त्याची देखणी डागडुजी झाली आहे. सीएसएमटीबद्दल मी इथं लिहीत नाही. ती इमारत रस्त्यापलीकडून, माणसांच्या लोंढ्यात धक्के खात बघायची असते. लेखात ती मावत नाही.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं दक्षिणेला चालत गेलं की फाउंटन. आता गंमत बघा. फ्लोरा फाउंटन मुळात राणीच्या बागेसाठी करवून घेतलं होतं. रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा आराखडा, जेम्स फोर्सिथ यांचं शिल्पकाम, विलायतेतून आलेला पोर्टलंडचा दगड. बागेत जायचं ते १८६४ मध्ये फोर्टात थांबलं. म्हणजे फोर्टातला घोडा आणि राणी बागेत, आणि बागेचं कारंजं फोर्टात. जिथं ते उभं आहे तिथं आधी किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता. त्या दरवाजातून सरळ सेंट थॉमस चर्चकडे जाता येई, म्हणून ते नाव. १८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं किल्ल्याचा तट पाडायला घेतला. दरवाजा गेला आणि त्याचं नाव पश्चिमेकडे सरकत स्टेशनाला लागलं. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अजून आहे, पण तो बघायला मुद्दाम जाणारे थोडे. कारंज्याशेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक. चौकाचं नाव हुतात्मा चौक. टॅक्सीवाला अजूनही फाउंटन म्हणतो आणि माझे काकाही म्हणत, जे त्या चळवळीत लाठ्या खाऊन आले होते.

तट पाडला तेव्हा मुंबईत पैसा ओतला जात होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. चार वर्षं शहराला अक्षरशः वेड लागलं. बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा बसला. दक्षिण मुंबईत आपण ज्याला वारसा म्हणतो तो बराचसा या चार वर्षांत ठरला आणि पुढच्या पंधरा वर्षांत रडतखडत पुरा झाला. राजाबाई टॉवर हा त्याचा उत्तम नमुना. त्या काळातला सर्वांत मोठा दलाल प्रेमचंद रायचंद यानं विद्यापीठाला पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यायला सांगितलं. पुढे बाजार पडला, प्रेमचंद बुडाला, पण दिलेलं दान टिकलं. १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला.

हा मनोरा ओव्हल मैदानातून बघावा, आणि मैदानाच्या मधोमध उभं राहून बघावा. पूर्वेला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय: टोकदार कमानी, दगडी माणसं, माकडं, पानंफुलं. मग पाठ फिरवून पश्चिमेकडे पाहा. तिकडे गोल कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या, पापण्यांसारखे छज्जे असलेल्या इमारती आहेत, १९३० च्या दशकातल्या. त्यांच्या जाळ्यांवर लाटा आणि उगवते सूर्य दिसतात; काही गॅलऱ्यांना जहाजाच्या डेकसारखे कठडे आहेत. यांना आर्ट डेको म्हणतात. २०१८ मध्ये या दोन्ही बाजूंच्या मिळून ९४ इमारतींना युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दोन शैलींत अर्ध्या शतकाहून जास्त अंतर आहे आणि मधे फक्त क्रिकेट खेळणारी पोरं. असं का? तर राजाबाई टॉवर बांधला तेव्हा त्याच्यासमोर मैदान, रेल्वेचा रूळ आणि लगेच समुद्र होता. बॅकबेमध्ये भर घालून जमीन काढली ती नंतर. समोरची सगळी इमारतींची रांग, इरॉस सिनेमा, मरीन ड्राइव्हकडे जाणारे रस्ते, हे सगळं पूर्वीच्या पाण्यावर आहे. या शहरानं पुतळे हलवले त्यात काय नवल, इथं समुद्रही हलवला.

ओव्हलवरून काळा घोडा पाच-सात मिनिटांवर. २०१७ पासून तिथं पुन्हा एक घोडा आहे. श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, काळा, आणि त्याच्या पाठीवर कोणीही नाही. मला हा पुतळा फार आवडतो. लोकांनी १८७९ मध्येच जे ठरवून टाकलं होतं ते शहरानं उशिरा मान्य केलं, इतकंच.

कलावंतांची वस्ती म्हणून या भागाला मान मिळाला तो १९९९ पासून भरणाऱ्या कला महोत्सवामुळे. पण महोत्सवाच्या दिवसांत जाल तर माणसांच्या पाठीच दिसतील. एरवीच्या मंगळवारी जा. १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिच्या लाटेसारख्या छज्ज्याखाली पाऊस टाळत उभं राहता येतं. बाहेर फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात. आतली चित्रं आणि बाहेरची चित्रं यांतलं अंतर कधी कधी फक्त भाड्याचं असतं. चौकापलीकडे १९११ चा कावसजी जहांगीर हॉल, जिथं आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. इथल्याच वेसाइड इन नावाच्या हॉटेलात खिडकीशी बसून अरुण कोलटकर चौकातली माणसं, कुत्री आणि कचरा बघत असत. त्यातून आलेलं त्यांचं काळा घोड्यावरचं पुस्तक २००४ मध्ये निघालं. हॉटेल आता नाही. डेव्हिड ससून वाचनालय आहे, आणि त्याच्या मागच्या बागेत आरामखुर्च्या.

जवळच एक मोडकळीला आलेली पाच मजली इमारत दिसेल, लोखंडी सांगाड्याची. ती वॉटसन हॉटेल. तिचे लोखंडी भाग विलायतेत ओतून, जहाजानं आणून इथं जोडले. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथं झाला, तिकीट एक रुपया. छायाचित्रांचा धंदा करणाऱ्या सावेदादा भाटवडेकरांनी ती जादू पाहिली, कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. मराठी माणसानं सिनेमा हातात घेतला तो असा, तांबड्या मातीपासून.

आता म्युझियम. बसच्या वाहकानं म्युझियम म्हटलं की अजूनही हेच: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेट यांनी कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळा दगड वापरला, आणि घुमटासाठी विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिलं. आत शिरताच नक्षीदार लाकडी कमानी दिसतात. त्या विटेटनं नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन आणल्या. इमारत पहिल्या महायुद्धाच्या वेळी तयार झाली आणि आत मूर्तींच्या आधी जखमी शिपाई आले. इस्पितळ हटल्यावर १९२२ मध्ये संग्रहालय उघडलं. इथं एका दिवसात सगळं बघू नये. माझं मत असं की तीनच गोष्टी धराव्यात: मिरपूरखासच्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती, अकबराचं १५८१ चं चिलखत, आणि तिसरी पुढे सांगतो. मिरपूरखास सिंधमध्ये. तिथल्या स्तूपाचं उत्खनन १९०९ मध्ये हेन्री कझिन्स यांनी केलं, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणून बुद्ध इकडे आले. इलाखा गेला, देश वाटला गेला, बुद्ध डोळे मिटून इथंच.

दुसऱ्या दिवशी घारापुरी. सोमवार सोडून. गेटवेवरून लाँचनं तासभर. मग धक्का, छोटी गाडी, आणि दुकानांच्या दोन रांगांमधून सुमारे १२० पायऱ्या. सहाव्या शतकातल्या लेण्यात सदाशिवाची अठरा फुटांच्या आसपासची तीन मुखं दिसतात आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. लेणं कोणी खोदलं? कलचुरींचं नाव घेतलं जातं, पण नक्की कोणीच सांगत नाही. कारण इथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून लिस्बनला पाठवला आणि तो हरवला. हत्ती निदान भायखळ्यापर्यंत पोचला. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावं आहेत. समुद्राखालून तारा टाकून तिथं कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. जागतिक वारशाच्या यादीत नाव आल्याला तेव्हा ३१ वर्षं झाली होती.

परतल्यावर वेळ असेल तर गिरगावात खोताची वाडी. दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवरची ही वस्ती. लाकडी जिने, उतरती छपरं, व्हरांडे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं. एके काळी पासष्टेक घरं होती, आता निम्मीही नाहीत. तिथं जाताना आवाज कमी ठेवा. ते संग्रहालय नाही, लोकांची घरं आहेत. दुपारी माणसं झोपलेली असतात.

सर्जनशील वस्ती बघायची म्हणून हल्ली पाहुण्यांना लोअर परळला नेतात. गिरण्यांच्या आवारात आता गॅलऱ्या, कचेऱ्या, पब. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले; तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मिल हा शब्द पाट्यांवर राहिला, एखादी चिमणीही. मला तिथली कॉफी नको वाटते. त्यापेक्षा पावसाळ्यात लालबाग-चिंचपोकळीला जा. मंडपाएवढ्या ताडपत्रीखाली गणपतीचे कारखाने चालू असतात. परातीत कालवलेलं प्लास्टर, काथ्या, बांबूच्या परांचीवर चढलेला रंगारी, आणि डोळे रेखायचे म्हटलं की थांबणारी सगळ्यांची बोलणी. तिकीट नाही, फलक नाही. वाटेत उभे राहू नका म्हणजे झालं.

आणि तिथवर गेलातच तर ती तिसरी गोष्ट. १९३१ मध्ये परळहून शिवडीकडे रस्ता काढताना जमिनीतून बारा फुटांच्या आसपास उंचीची एक शिळा निघाली. एका शिवातून दुसरा वर उगवतो, त्याच्यातून तिसरा, आणि बाजूंनीही फुटतात, एकूण सात. सहाव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे घारापुरीची सख्खी शेजारीण. नियमानं ती म्युझियममध्ये जायला हवी होती. परळच्या लोकांनी ती बारादेवीच्या देवळात नेऊन पुजायला घेतली, आणि म्युझियमला प्लास्टरचा साचा मिळाला. काल तुम्ही काळ्या घोड्याजवळ पाहिलात तो साचा. त्याच्यापुढे हवा तेवढा वेळ उभं राहता येतं, प्रकाशही चांगला पडतो. परळच्या शिळेपुढे मात्र चपला काढून जावं लागतं, आणि महाशिवरात्रीला गेलात तर रांगेत.